चार नावांचा सातबारा



ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्या सरांनी या गावाला नाटक वाचायची सवय लावली. म्हणून त्यांच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानमालेत नाटकाबद्दल बोलावं असं मी ठरवलं. विषय कळवला तो असा : साहित्यातली भावंडं आणि माझी भावंडं.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगते. भावंडांची गोष्ट एकट्याने वाचून पुरी होत नाही. ती आपल्या भावंडांबरोबर वाचावी. ते जमलं नाही तर निदान त्यांनी ती कशी वाचली ते विचारावं. एकट्याने वाचताना आपण कुठल्या तरी एका पात्राचा हात धरून त्या घरात शिरतो आणि बाहेर पडताना बाकीच्यांचा निकाल लावून मोकळे होतो. मी मराठीची शिक्षिका. वर्षानुवर्षं मुलांना पात्रांचे स्वभाव समजावून सांगितले. पण माझं स्वतःचं या विषयातलं शिक्षण वर्गाबाहेर झालं, आमच्या घराच्या ओसरीवर.

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आलं. विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा खचत चाललेला वाडा, दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर. तात्याजी गेले आहेत. मुंबईचा मुलगा सुधीर बायकोला घेऊन उशिरा पोचतो. घरी थोरला भास्कर आणि वहिनी, लग्नाविना राहिलेला चंदू, लग्नाविना राहिलेली प्रभा, आई आणि दादी. तेरावं कसं करायचं, त्याचा पैसा कोणी काढायचा, दागिन्यांची पेटी कोणाच्या ताब्यात राहायची, हे तिथले प्रश्न. ही भावंडं बहुतेक वेळा पैशाबद्दल बोलतात, आणि त्या बोलण्याच्या तळाशी जुनं काहीतरी ठसठसत असतं. प्रभाला शिकायचं होतं, वाड्याच्या इभ्रतीपायी शिकू दिलं नाही. चंदू सगळ्यांचं सगळं करतो, त्याच्या पायाला जखम होते, आणि ती जखम घरात पुरेशी कोणाला दिसत नाही. मराठी नाटकातलं भावंडांचं इतकं खरं घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

आमचं घर वरूडकडचं. वाडा नाही, कौलारू घर, मागे विहीर, गावाबाहेर संत्र्याची बाग आणि थोडी कपाशी. आम्ही चौघं. दादा थोरला, मग मी, मग धाकटा भाऊ आणि शेवटी धाकटी. हे नाटक चौघांनी चार वेळी पाहिलं किंवा वाचलं. दादाने नागपूरला प्रयोग पाहिला. धाकट्याने पुण्यात, शिकायला होता तेव्हा. मी शिकवण्यासाठी पुस्तक वाचलं, आणि धाकटीने सगळ्यांत शेवटी, माझंच पुस्तक नेऊन. बाबा गेल्यानंतर एका दिवाळीत सगळे जमलो होतो. रात्री जेवणं आटोपल्यावर कशावरून तरी नाटकाचा विषय निघाला.

दादा सहसा पुस्तकाबिस्तकावर बोलत नाही. त्या रात्री बोलला. म्हणाला, “भास्करला सगळे लोभी म्हणून राहिले. त्याला एकदा तरी कोणी विचारलं का, बाबा रे, तुला इथं राहायचं होतं का?” आम्ही गप्प. बाबांना पहिला झटका आला तेव्हा दादा अमरावतीला कॉलेजात होता. तो परत आला आणि पुन्हा गेला नाही. माझं शिक्षण चालू राहिलं. माझ्या वसतिगृहाची फी बागेच्या पैशातून यायची आणि बाग दादा करायचा. हा हिशेब घरात कधीच कोणी उच्चारला नव्हता. मी वर्गात प्रभा शिकवत आले होते. भास्कर मला दादाने शिकवला.

धाकटा मग सुधीरबद्दल बोलला. सुधीर गावी येतो तेव्हा सगळ्यांना त्याची मुंबई दिसते, मुंबईतली खोली कोणाला दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. पुण्यात त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज होतं आणि गावात प्रत्येक जण त्याला फ्लॅटची किंमत विचारायचा. “घरी आलो की मी पाहुणा, पैसे लागले की मी मुलगा,” हे तो कोणावर न चिडता म्हणाला. त्यामुळे ते जास्त लागलं.

धाकटी प्रभाबद्दल बोलेल अशी माझी खात्री होती. तिचं शिक्षण बारावीला थांबलं. आई लकव्याने अंथरुणाला खिळली, मी नोकरीच्या गावी, दादाचं लग्न व्हायचं होतं, आणि आईचं सगळं धाकटीवर आलं. ती म्हणाली, “ताई, मला प्रभा नाही दिसली. मला चंदू दिसला. प्रभा निदान चिडते. चंदू काही म्हणत नाही, म्हणून त्याला काही म्हणायचंच नसेल असं सगळ्यांनी धरून घेतलं.”

बहिणीने बहिणीच्याच पात्रात स्वतःला शोधावं, हा समीक्षेचा आडाखा त्या एका वाक्याने मोडला. स्त्री आणि पुरुष या भेदाच्या आतही घरात एक भेद असतो. ज्याचं दुःख बोलतं त्याच्याकडे घर वळून बघतं. ज्याचं बोलत नाही त्याच्याकडून पाणी मागतं. एलकुंचवारांनी हे लिहून ठेवलं होतं. मला ते दिसायला धाकटी लागली.

इथे विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ची आठवण होणं साहजिक आहे. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आलं तेव्हा केवढं वादळ उठलं, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. रमाकांत, उमाकांत, माणिक आणि त्यांचे पप्पा, पैशासाठी एकमेकांचे लचके तोडणारं घर. नाटकाची ताकद मी नाकारत नाही. पण भावंडांच्या नात्यापुरतं बोलायचं तर ‘गिधाडे’ प्रेक्षकाला एक सुटका देतं. आपण काही असे नाही, असं म्हणत तो घरी जाऊ शकतो. ‘वाडा’ ती वाट ठेवत नाही. तिथे कोणी राक्षस नाही. वहिनी रात्री अंगभर दागिने घालून बसते, तेव्हा तिच्या हावेपेक्षा तिची इतक्या वर्षांची उपासमार मला जास्त दिसते. आपल्या घरातही बहुतेक अन्याय थकलेल्या, बऱ्यापैकी चांगल्या माणसांकडून झालेले असतात. म्हणून त्यांची तक्रार कुठे करता येत नाही.

कादंबरीकडे वळते. भालचंद्र नेमाड्यांच्या १९६३ सालच्या ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकरच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू आहे. ती पानं मराठीत भावाने बहिणीसाठी केलेल्या शोकातली सर्वांत उघडी पानं आहेत, असं मी मानते. मला ती वाचताना नेहमी दादा आठवतो. दादा आणि मी यांच्यामध्ये आणखी एक बहीण होती. मी जन्मायच्या आधीच ती तापाने गेली. मला ती फक्त आईच्या बोलण्यातून माहीत, धाकट्यांना तेवढीही नाही. दादाला ती आठवते. तिला कडेवर घेतल्याचं आठवतं. म्हणजे आम्ही तिघं म्हणतो की आम्ही चार भावंडं, आणि दादाच्या लेखी आम्ही पाच. एकाच आईबापांच्या पोटी, एकाच छपराखाली वाढलेल्या माणसांना आपण किती होतो याचं उत्तरसुद्धा वेगवेगळं मिळतं. थोरल्याच्या वाट्याला जे आईबाप येतात ते तरुण, घाबरलेले, पहिल्यांदाच सगळं करणारे असतात. शेंडेफळाला भेटतात ते दमलेले आणि निवलेले. कादंबरीला बहुधा यांतला एकच मुलगा निवडावा लागतो. ‘कोसला’त तो पांडुरंग आहे आणि मनी आपल्याला त्याच्याच डोळ्यांनी दिसते. मी नेमाड्यांच्या कादंबरीत दोष काढत नाही. शोक असाच एका गळ्यातून निघतो. पण मनी आपल्या भावाला कशी बघत होती, हा प्रश्न मला ते पुस्तक मिटल्यावर दर वेळी पडतो.

तसा प्रश्न बंगालीतल्या अपू आणि दुर्गाबद्दल मला पडत नाही. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची ‘पथेर पांचाली’ पुस्तकरूपात आली १९२९ साली, सत्यजित राय यांचा चित्रपट १९५५ चा. आपल्याकडे बहुतेकांना चित्रपट माहीत असतो. दुर्गावर शेजारच्या मुलीचा हार चोरल्याचा आळ येतो, आई तिला मारते. पुढे दुर्गा पावसात भिजून तापाने जाते. घर सोडून काशीला निघायच्या वेळी अपूला फळीवरच्या करवंटीत तो हार सापडतो आणि तो जाऊन तळ्यात टाकून येतो. कादंबरीत त्याला सापडते ती कुंकवाची छोटी सोन्याची डबी, आणि अपू ती बांबूच्या बनात फेकतो. दोन्हीकडे तो आईबापांना काही सांगत नाही.

भावंडांचं नातं म्हणजे काय, हे मला या एका कृतीत सर्वांत स्वच्छ दिसतं. आईबापांपासून लपवलेल्या गोष्टींवर ते उभं असतं. नवरा-बायको एकमेकांपासून लपवतात, मित्र एकमेकांना निवडून सांगतात. भावंडांना मात्र न सांगताच कळलेलं असतं, कारण ते त्याच खोलीत झोपत होते. अपूने बहिणीची चोरी झाकली, तिला माफ केलं, की तिच्यावर आळ घेणाऱ्या जगाला उत्तर दिलं? मला वाटतं, त्याने फक्त तिची बाजू घेतली. ती हयात असती तरी त्याने तेच केलं असतं. माझ्याकडेही माझ्या एका भावाचं असं गुपित आहे. ते मी इथे सांगणार नाही. आईबाबा दोघेही गेले, आता ते कोणापासून लपवायचं असं उरलेलं नाही, तरी सांगणार नाही.

आता आमच्या मातीतली एक गोष्ट. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. आषाढीला तिची पालखी तिथून पंढरपूरला जाते. आमच्याकडच्या बायका रुक्मिणीला आपल्या गावची मुलगी मानतात. तिच्या भावाची, रुक्मीची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. बहिणीचं लग्न शिशुपालाशी ठरवणारा तो. तिने आपल्या मनाने कृष्ण निवडला तेव्हा हा सैन्य घेऊन मागे धावला आणि हरला. कृष्ण त्याला मारणार, तेव्हा आड आली ती रुक्मिणीच. जीव वाचला, पण कृष्णाने त्याचे केस आणि मिशा भादरून त्याला सोडलं. बहिणीला परत आणल्याशिवाय गावात पाऊल ठेवणार नाही असं तो बोलून निघाला होता. मग तो कौंडिण्यपुराला परतलाच नाही, त्याने वेगळं नगर वसवलं.

धाकटीने स्वतः ठरवून दुसऱ्या जातीत लग्न केलं. दादाने बरीच वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं. आई तेव्हा नव्हती, बाबा काही बोलत नसत. त्या वर्षांत मला रुक्मीची गोष्ट वेगळी दिसू लागली. हरलेल्या भावाला परत यायला वाट कोण ठेवतं? पुराणाने ठेवली नाही, त्याच्यासाठी वेगळं नगर वसवून दिलं. आमच्याकडे ती वाट धाकट्या भावाने काढली. त्यात भाषण नव्हतं की समेटाची बैठक नव्हती. संत्री उतरण्याच्या दिवसांत मजूर मिळेनात, तेव्हा त्याने दादाला न विचारता धाकटीच्या नवऱ्याला फोन केला, आणि तो माणूस टेम्पो घेऊन बागेत हजर झाला. दादाने त्याला चहा विचारला. पुढचं हळूहळू झालं. त्या सगळ्या प्रकरणात दादा चुकला होता असं माझं आजही ठाम मत आहे, आणि ते त्याला माहीत आहे.

आणि मग जमीन. भावंडांच्या गोष्टीत आपण प्रेम, मत्सर, त्याग यांबद्दल खूप लिहितो. तलाठी कार्यालयाबद्दल फार कमी लिहितो. ‘वाडा चिरेबंदी’ आलं तेव्हा प्रभाला वडिलोपार्जित मालमत्तेत भावांसारखा जन्माने हिस्सा नव्हता. ते तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं, हवेतच होतं. १९९४ साली महाराष्ट्राने कायदा करून मुलींना तो हक्क दिला, पण कायदा लागू होण्याआधी ज्यांची लग्नं झाली होती त्यांना वगळून. माझं लग्न आधी झालेलं, धाकटीचं नंतर. म्हणजे एकाच ताटात जेवलेल्या दोन बहिणींपैकी एक जन्माने हिस्सेदार, दुसरी नाही. लग्नाच्या तारखेवरून. हा भेद २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेला.

पण कायदा बदलला तरी एक कागद तयारच असतो, तो म्हणजे हक्कसोडपत्र. वडील गेले, वारसनोंद व्हायची असली की कोणीतरी वडीलधारं म्हणतं, बहिणींच्या सह्या घेऊन टाका, माहेर टिकतं. आमच्याकडेही म्हटलं गेलं. सह्या न करणारी बहीण म्हणजे माहेर तोडणारी, असा धाक त्या बोलण्यात असतो. कितीतरी शिकलेल्या, कमावत्या बायका हसतमुखाने तो कागद देतात आणि त्या हसण्याला आपण बहिणीची माया म्हणतो. मी या गोष्टीवर रागाने बोलते आहे. बोलायलाच हवं. माया असेल तर ती नाव कायम ठेवूनही करता येते.

आमच्या घरी सही नको म्हणणारा दादा निघाला. त्याचं कारण ऐकून मला चेखव्हचं ‘तीन बहिणी’ आठवलं. १९०१ साली मॉस्को आर्ट थिएटरने केलेलं ते नाटक. मॉस्कोला परतायची आस लावून बसलेल्या ओल्गा, माशा आणि इरिना सर्वांना आठवतात. त्यांचा भाऊ आंद्रेई मात्र विसरला जातो. तो जुगारात हरतो, चौघांचं असलेलं घर बहिणींना न विचारता बँकेकडे गहाण टाकतो, आणि त्याची बायको नताशा खोलीमागून खोली ताब्यात घेते. बहिणी सुशिक्षित, हळव्या, परदेशी भाषा जाणणाऱ्या. पण त्या कागदावर त्यांची संमती कोणाला लागली नाही. ओल्गा शिक्षिका, शेवटी मुख्याध्यापिका होते, शाळेच्या जागेत राहायला जाते. शिक्षिका म्हणून मी तिला फार जवळची मानत आले. दादा चेखव्ह वाचलेला नाही. तो एवढंच म्हणाला, “तुमची नावं राहू द्या. उद्या माझीच बुद्धी फिरली, का माझ्या पोराची फिरली, तर कोणाला तरी विचारावं लागलं पाहिजे.”

तेव्हापासून आमच्या सातबाऱ्यावर चार नावं आहेत. त्याचा त्रास आहे, तो लपवत नाही. पीककर्ज घ्यायचं तर सगळ्यांचं संमतीपत्र लागतं. धाकटा पुण्याहून कागद पाठवतो तो वेळेवर पोचत नाही. एकदा नावातल्या वेलांटीवरून काम अडलं. दादाला हेलपाटे पडतात आणि तो वैतागतो. पण दर वर्षी त्या सहीच्या निमित्ताने त्याला आम्हाला सांगावं लागतं की यंदा मृग बहार घ्यायचा की आंबिया, झाडांना ताण कधी द्यायचा, बोअरला पाणी किती उरलंय, व्यापारी काय भाव म्हणतोय. राखीला आणि भाऊबीजेला आम्ही जे बोलतो ते दर वर्षी साधारण तेच असतं. कर्जाच्या वेळी जे बोलतो त्यात दादाचं खरं वर्ष असतं.

साहित्यात मला हे सापडत नाही. नाटक भावंडांना एखाद्या मृत्यूच्या निमित्ताने एकत्र आणतं, दिवसकार्य संपतं, पडदा पडतो. त्याला तेच करावं लागतं, त्याच्याजवळ तीन तास असतात. एलकुंचवार तिथे थांबले नाहीत, ही त्यांची मोठी गोष्ट. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहून त्यांनी त्या घराचं पुढचं आयुष्य दाखवलं. पण तिथे भार पुढच्या पिढीवर जातो, भास्करचा पराग आणि सुधीरचा अभय या चुलत भावांवर, आणि शेवटी ते दोघं पाण्याविना ओसाड झालेल्या भूमीवर उभे राहतात. वरूड-मोर्शीकडच्या माणसाला ती भूमी कल्पनेतली वाटत नाही. आमच्या भागात भूजलाचा उपसा इतका झाला की बोअर खोल खोल जात राहिले, आणि वाळलेल्या संत्र्याच्या बागा मुळासकट काढून टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. मला हवी आहे ती मधली गोष्ट. भास्कर, सुधीर, चंदू आणि प्रभा साठीला आले आहेत, आईबाप नाहीत, भांडायला आणि दाखवायला आता वडीलधारं कोणी नाही, आणि तरी एकमेकांना फोन करावा लागतो. त्या वयातल्या भावंडांचं काय होतं? ती गोष्ट चार तोंडांनी सांगितलेली हवी, आणि चौघांपैकी कोणाचंच म्हणणं खोटं ठरायला नको. इथे तरुण लिहिणारी मंडळी बसली आहेत. हे काम तुमच्यासाठी पडलेलं आहे.

आमच्या घरात सध्या बागेचा प्रश्न आहे. धाकटा म्हणतो, पाणी संपत चाललंय, भाव आहे तोवर विकू. दादाला नवी कलमं लावायची आहेत. धाकटी म्हणते, अर्धी ठेवा, अर्ध्यात तूर-कपाशी करा, आणि ती करायला ती आणि तिचा नवरा तयार आहेत. माझं मत अजून ठरलेलं नाही, ठरवण्याआधी मला पाण्याचे आकडे बघायचे आहेत. आंबिया बहाराचा माल उतरला की आम्ही चौघं बसणार आहोत.